३३ कोटी रोपांचा कार्बन किती?

१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्र सरकारने एका दिवसात २ कोटी रोपं लावायची मोहीम काढली. पुढे उद्दिष्ट वाढतच गेलं. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. ग्रामपंचायतींपासून सरकारी कार्यालयांपर्यंत सगळ्यांना उद्दिष्टं वाटून दिली गेली. ३३ कोटी हा आकडा आपल्याकडे एरवी देवांसाठी राखून ठेवलेला, त्यामुळे तो लोकांच्या तोंडी बसला. विनोदही पुष्कळ झाले.

हे वेड एकट्या महाराष्ट्राचं नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०१६ मध्ये २४ तासांत सुमारे ५ कोटी रोपं लावून गिनीज बुकात नाव नोंदवलं. मध्य प्रदेशाने २ जुलै २०१७ ला नर्मदेच्या काठाने १२ तासांत ६ कोटींहून अधिक लावल्याचं जाहीर केलं. तुर्कस्तानाने ११ नोव्हेंबर २०१९ ला एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावली, आणि काही महिन्यांतच तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने यातली बहुसंख्य मेल्याचा दावा केला. सरकारने तो अर्थातच फेटाळला.

पूर्वी वृक्षारोपणाला सरपण, चारा, जमिनीची धूप, पाऊस अशी कारणं दिली जायची. आता त्यात कार्बनची भर पडली आहे. पॅरिसच्या हवामान कराराच्या वेळी, २०१५ मध्ये, भारताने जगाला शब्द दिला की २०३० पर्यंत वनं आणि झाडं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषून घेऊ. गावच्या माळावर खणलेला खड्डा असा आंतरराष्ट्रीय वहीखात्यात जाऊन बसला. आणि वहीखातं म्हटलं की जमाखर्च कुणालाही तपासता यायला हवा.

लाकूड येतं कुठून?

झाड मातीतून वाढतं असं आपण म्हणतो, पण वजनाच्या दृष्टीने पाहिलं तर ते मुख्यतः हवेतून आणि पाण्यातून वाढतं. मातीतून येतात ते क्षार, आणि तेही थोडे. पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, उन्हाच्या ताकदीवर त्याची पाण्याशी सांगड घालून साखर बनवतात, ऑक्सिजन सोडून देतात. त्याच साखरेचं पुढे खोड, फांदी, मूळ होतं. लाकूड पूर्ण वाळवून तोललं तर त्यातलं जवळपास निम्मं वजन निव्वळ कार्बनचं भरतं.

एक किलो कार्बन साठवायला झाडाने हवेतून साधारण ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो, कारण त्या वायूत कार्बनच्या जोडीला ऑक्सिजनही असतो. वर्तमानपत्रात कधी ‘टन कार्बन’ छापून येतं, कधी ‘टन कार्बन डायऑक्साइड’. दोन्हींत पावणेचार पटींच्या आसपास फरक आहे. बातमी वाचताना एवढं जरी बघितलं तरी अर्धे घोळ मिटतात.

आता एक झाड मोजू. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक कडुलिंब आहे, साधारण वीस वर्षांचा. शिंप्याची टेप घ्यायची, जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाभोवती गुंडाळायची. वनखातंही घेर तिथेच मोजतं, कारण बुंधा खाली फुगीर असतो आणि वर फांद्या फुटतात. घेर भरला दोन फुटांच्या आसपास. उंची अंदाजे आठ मीटर. कडुलिंबाचं लाकूड बऱ्यापैकी जड. उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी शास्त्रज्ञ जे सूत्र वापरतात त्यात हे आकडे घातले की जमिनीवरचं वाळलेलं वजन निघतं सव्वाशे किलोच्या आत-बाहेर. मुळांसाठी वर पाव हिस्सा धरायचा. निम्मा कार्बन, गुणिले ३.६७. उत्तर आलं सुमारे २८० किलो कार्बन डायऑक्साइड.

वीस वर्षांत २८० किलो, म्हणजे सरासरी वर्षाला १४ किलो. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या कडुलिंबाने वीस वर्षं उभं राहून जे साठवलं, ते स्कूटरची पाच लिटरची टाकी चोवीस वेळा भरून फिरलं की परत हवेत. आपल्यापैकी बरेच जण एवढं पेट्रोल वर्षभरातच संपवतात.

हे वाचून झाडांवरचा विश्वास उडायचं कारण नाही. सावली, गारवा, पक्षी, लिंबोळ्या यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो झाडाच्या बाजूनेच लागतो. फक्त कार्बनच्या खात्यात एका झाडाची पत एवढीच आहे, हे ठाऊक असावं.

३३ कोटी आणि चंद्रपूरचं धुराडं

हीच पट्टी ३३ कोटींना लावू. अंदाज ढोबळ आहे, पण दिशा कळायला पुरेसा. निम्मी रोपं जगली असं धरलं तर साडेसोळा कोटी. प्रत्येकी वर्षाला १४ किलो, म्हणजे एकूण सुमारे २३ लाख टन. ऐकायला दणदणीत वाटतं. आता चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र घ्या. क्षमता २,९२० मेगावॅट. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. केंद्र साठ टक्के क्षमतेने चाललं असं धरलं तर वर्षाला दीड कोटी टन. म्हणजे अख्ख्या राज्याने लावलेल्या ३३ कोटींतली निम्मी रोपं जगून मोठी झाली, तर ती वर्षभरात त्या एका केंद्राचा दोन महिन्यांचाही धूर पुरता शोषत नाहीत.

देशाचंही तेच. २०२० मध्ये भारताचं एकूण उत्सर्जन सुमारे २९६ कोटी टन होतं. आपल्या वनांनी, झाडांनी आणि जमिनीने त्यातलं ५२ कोटी टनांच्या आसपास परत खेचलं, आणि ही मदत लहान नाही. पण पॅरिसला दिलेला शब्द, २५० ते ३०० कोटी टनांचा, म्हणजे पंधरा वर्षांत मिळून जेमतेम एका वर्षाचं उत्सर्जन. झाडं लावून कोळसा आणि पेट्रोलचं पाप धुऊन निघेल असं कुणी भाषणात सुचवलं, तर हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

रोप आणि झाड यांच्यामधली पाच वर्षं

वरच्या गणितात ‘निम्मी जगली’ हे मी सोयीसाठी धरलं. खरा प्रश्न तिथेच आहे. दीड फुटाच्या रोपात कार्बन असतो काही ग्रॅम. लावायच्या दिवशी साठा जवळपास शून्य, उलट खड्डा खणताना माती उघडी पडून तिच्यातला थोडा कार्बन उडूनही जातो. फोटो मात्र त्याच दिवशी निघतो. पहिलीच्या पटावरची नावं मोजून दहावीचा निकाल लावावा, तशी आपली मोजणी आहे.

रोपवाटिकेतून निघालेलं रोप कशाकशातून जातं ते बघा. काळ्या पिशवीत ते फार दिवस राहिलं असेल तर मुळं तळाशी गोल गुंडाळली जातात. लावणाऱ्याने पिशवी फाडून ती गुंडाळी कापायला हवी. मान्यवरांच्या हस्ते लागणारी रोपं कधी कधी पिशवीसकट खड्ड्यात जातात, आणि चार महिन्यांनी उपटून पाहिलं तर पिशवी जशीच्या तशी, आत मुळांचा चिकट गोळा. खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यायला हवा. तो घाईत आदल्या दिवशी खणला, तर खाली मुरूम तसाच कडक राहतो.

मग पाऊस. वन महोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो. तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. कोकणात तोवर जमीन भिजून चिंब असते. बीड-धाराशिवकडे मात्र जुलैत पावसाने दडी मारणं नवीन नाही. शेतकरी ओल बघून पेरतो. सरकारी वृक्षारोपणाची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते.

पुढचं काम कंटाळवाणं असतं आणि त्याला टाळ्या नसतात. आळी करायची, तण काढायचं, मातीची भर द्यायची, मेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरायच्या, डिसेंबरात जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढायच्या, मार्च ते मे पाणी घालायचं, शेळ्या आणि वणवे यांच्यावर डोळा ठेवायचा. बहुतेक योजनांत देखभालीचा पैसा पहिली काही वर्षंच येतो आणि तोही वेळेवर येईलच असं नाही. वनमजुराची मजुरी थकली की रोपाचं पाणी थांबतं, इतकं साधं आहे ते.

२०१९ च्या शेवटी सरकार बदललं, ३३ कोटींवर प्रश्न उठले. वनखात्याने लावलेल्या रोपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जिवंत असल्याचं विधानसभेत सांगण्यात आलं, आणि चौकशीसाठी आमदारांची समितीही नेमली गेली. राजकारण बाजूला ठेवू. मला त्यात खटकतं ते वेगळंच. एक-दोन वर्षांत रोप जिवंत आहे एवढ्यावरून कार्बनबद्दल काहीच सांगता येत नाही. जिवंत म्हणजे हिरवं पान असलेली काडीही जिवंतच.

उपग्रहाला काय दिसतं?

हेक्टरी साधारण ११०० रोपं, म्हणजे तीन-तीन मीटरवर एक, हा वनखात्याचा नेहमीचा हिशेब. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांचं उद्दिष्ट होतं ५० कोटी. या हिशेबाने त्याला ४,५०० चौरस किलोमीटर जागा लागते. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे कागदावर आपण एका गोव्याहून मोठं जंगल लावलं.

डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशाचं वनाच्छादन मोजतं. महाराष्ट्राचा आकडा २०१९ च्या अहवालात ५०,७७८ चौरस किलोमीटर होता, २०२१ च्या अहवालात ५०,७९८. वाढ वीस चौरस किलोमीटरची.

इथे लगेच ‘घोटाळा!’ म्हणून ओरडायची घाई नको. लहान रोपं उपग्रहाला काही वर्षं दिसतच नाहीत. शिवाय बरीच रोपं आधीच्याच जंगलात, रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात, शेताच्या बांधावर लागली. ती ‘नवं वन’ म्हणून मोजली जाणारच नव्हती. पण एक राज्य मावेल एवढ्या लागवडीचा मागमूस नकाशावर शोधावा लागत असेल, तर कुठे काय उभं आहे हे दाखवायची जबाबदारी लावणाऱ्याची आहे.

उलट बाजूचीही एक गंमत आहे. सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्के जरी झाडांचं छत्र असलं तरी ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणतं, याला महत्त्व नाही. म्हणजे रत्नागिरीतली हापूसची बाग वनात, निलगिरीची लागवडही वनात. २०२३ च्या अहवालात भारताने २००५ च्या तुलनेत २२९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा केल्याचं म्हटलं आहे, आणि पॅरिसच्या शब्दाजवळ आपण पोहोचलो ते या मोजणीने. आंब्याच्या झाडातही कार्बन असतोच, त्यामुळे गणित खोटं नाही. पण ‘वनं वाढली’ हे वाक्य ऐकून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते यातून निघत नाही.

माळरान मोकळं नसतं

एवढी रोपं लावायला जागा कुठून आणायची? शेतकऱ्याची जमीन घेता येत नाही, दाट जंगलात लावून उपयोग नाही. मग नजर जाते माळावर. सासवड, सुपे, कर्जत, करमाळा, सोलापूर, माण-खटाव या पट्ट्यात फिरलात तर दिसेल: उघडा माळ, त्यावर यंत्राने ओढलेले लांबच लांब समतल चर, चरांच्या कडेने ग्लिरिसिडियाची एकसारखी रांग. गिरिपुष्प म्हणून ओळखलं जाणारं हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. ते झटपट वाढतं, शेळी सहसा तोंड लावत नाही, काडी खोचली तरी रुजतं. जगलेल्या रोपांची टक्केवारी दाखवायची असेल तर त्याच्यासारखं झाड नाही.

सरकारी कागदात हा माळ ‘पडीक’. इंग्रजांनी महसूल न देणाऱ्या जमिनीवर मारलेला तो शिक्का आपण अजून पुसलेला नाही. सर्वसाधारण समजही असा की इथे कधीकाळी जंगल होतं, माणसांनी तोडलं, गुरांनी चरून संपवलं, आता आपण ते परत आणतो आहोत.

या समजाला २०२५ मध्ये एका अभ्यासाने छान धक्का दिला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्राच्या माळांचा जुना इतिहास शोधायला चक्क मराठी साहित्य उघडलं: संतांची चरित्रं, ओव्या, लोककथा. त्यांत कोणती रानझाडं येतात याची यादी केली. ४४ जाती सापडल्या. त्यांतल्या २७ जाती उघड्या गवताळ रानात वाढणाऱ्या, १४ कुठेही वाढणाऱ्या, आणि खऱ्या जंगलातल्या फक्त तीन. बाभूळ, खैर, पळस, तरटी ही सगळी माळावरची मंडळी. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचं झाड म्हणून जे दाखवतात ते तरटीचंच, काटेरी. निष्कर्ष असा की हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षं असाच आहे: गवत, काटेरी झाडं, अधूनमधून मोकळी जागा. इथे तोडलेलं जंगल नव्हतंच, मग परत काय आणणार?

मला हा अभ्यास फार आवडला. प्रयोगशाळेत परागकण मोजूनही असे प्रश्न सोडवतात, पण इथे पुरावा दळण दळणाऱ्या बायकांच्या तोंडी आणि गुराख्यांच्या गोष्टींत शेकडो वर्षं जपलेला होता.

कार्बनच्या दृष्टीनेही माळ रिकामा नाही. गवताचा कार्बन वर दिसत नाही, तो मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तरी वरचं वाळलेलं गवत जळतं, मातीतला साठा बहुतांश तसाच राहतो. झाडाचं तसं नाही, त्याचा साठा मुख्यतः जमिनीवर असतो आणि आगीत तोच जातो. भारताच्या वनांतसुद्धा एकूण कार्बनपैकी निम्म्याहून अधिक मातीतच आहे, हे वन सर्वेक्षणाचेच आकडे सांगतात. अशा मातीत जेसीबीने किलोमीटरभर चर खणायचे आणि कार्बन साठवला म्हणायचं, हे जरा अवघडच आहे.

पाण्याचंही बघायला हवं. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात दाट झाडी उभी केली की ती जमिनीतली ओल पिऊन पानांवाटे हवेत सोडते. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून सरकार पैसे खर्चून परदेशी झाडं तोडतं आहे, ओढ्या-नद्यांचं पाणी वाचावं म्हणून.

आणि माळ कुणाचा तरी असतो. लांडगा, चिंकारा, काळवीट, धाविक पक्षी, नान्नजचा माळढोक, या सगळ्यांना उघडं रान लागतं. धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या याच वाटांनी चरत आल्या आहेत. रोपवन झालं की तारेचं कुंपण येतं, चराईबंदीचा फलक लागतो, आणि मेंढपाळ गुन्हेगार ठरतो. रात्री कुंपण तुटलं तर दोष त्याच्याच माथी. कोकणातल्या सड्यांवरही, म्हणजे कातळाच्या पठारांवर, हेच चालतं. पावसाळ्यात फुलांनी भरणारा कातळ कुणाला तरी उन्हाळ्यात उजाड दिसतो आणि तिथे आकेशिया लागतो.

एक तोडा, दहा लावा

कार्बनच्या नावाने होणारं दुसरं वृक्षारोपण म्हणजे भरपाईचं. १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली खाण, धरण, रस्ता यांसाठी वनजमीन दिली की बदल्यात दुसरीकडे झाडं लावावी लागतात. त्यासाठी जमणारा पैसा वापरायला २०१६ मध्ये वेगळा कायदा झाला.

आधी आपल्या टेपकडे परत जाऊ. त्याच सूत्राने एक फूट घेराच्या कडुलिंबात सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड बसतो, दोन फूट घेराला २८०, आणि चार फूट घेराच्या जुन्या झाडात दीड हजार किलो. घेर दुप्पट झाला की साठा पाच-सात पट होतो. रस्ता रुंदीकरणात चार फुटी कडुलिंब पाडला आणि बदल्यात दहा रोपं लावली, सगळी जगली, सगळी फूटभर घेराची झाली, तरी जमा होतात ४०० किलो. आणि तोडलेल्या झाडाचं लाकूड कुठल्या तरी भट्टीत जाऊन त्याचा कार्बन केव्हाच हवेत गेलेला असतो.

सगळ्यात टोकाचं उदाहरण ग्रेट निकोबारचं. तिथल्या बंदर, विमानतळ आणि नगर प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला २०२२ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. ते सदाहरित वर्षावन आहे. त्याची भरपाई ठरली हरियाणात, दोन हजारांहून अधिक किलोमीटर लांब, अर्धशुष्क प्रदेशात. वहीत दोन्ही बाजूंना ‘हेक्टर’ हाच शब्द असल्यामुळे बेरीज-वजाबाकी जुळते.

मग काय जमतं?

हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात काही दशकांच्या सरकारी वृक्षलागवडीचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उपग्रहाची चित्रं आणि घरोघरची पाहणी दोन्ही ताडून संशोधकांना आढळलं की या सगळ्याने दाट वन वाढल्याचा पुरावा मिळत नाही, आणि लोकांना चारा-सरपणाला उपयोगी पडणारी रुंद पानांची झाडंही वाढली नाहीत.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं रान जवळपास संपलं होतं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून कुऱ्हाडबंदी केली, चराईचे नियम ठरवले, राखणीला गावातलीच माणसं ठेवली, तोडणाऱ्याला दंड लावला. आज तिथे चारशे हेक्टरांच्या आसपास जंगल उभं आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथेही मुख्य काम राखायचंच.

यामागचं शास्त्र साधं आहे. तोडलेल्या रानात वर काही दिसत नसलं तरी खाली जुनी मुळं जिवंत असतात. साग, धावडा, ऐन यांच्या खुंटांना फुटवे येतात, पळस मुळांवरून उगवतो. त्या फुटव्याच्या पोटाशी वीस-तीस वर्षांची मुळं असतात, ती खोल पाण्यापर्यंत गेलेली. पिशवीतलं रोप त्याच्याशी काय स्पर्धा करणार? फुटव्याला खड्डा लागत नाही, टँकर लागत नाही. फक्त काही वर्षं कुऱ्हाड आणि शेळी लांब ठेवावी लागते. अर्थात हे जिथे मुळात जंगल होतं तिथलं, माळावर हाही नियम लागू नाही. २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी जगभरच्या वनीकरणाच्या घोषणा तपासल्या, तेव्हा दिसलं की जवळपास ४५ टक्के जमीन एकाच जातीच्या व्यापारी लागवडीला दिली जाणार आहे. ही झाडं दर दहा-बारा वर्षांनी तुटतात, कागद होतात, जळतात. त्यांच्या मानाने नैसर्गिकपणे परतणारं जंगल चाळीस पट कार्बन धरून ठेवतं, असा त्यांचा हिशेब होता.

मग सरकारं राखण्याऐवजी लावत का सुटतात? कारण खड्डा मोजता येतो, त्याचं बिल निघतं आणि तो मार्चअखेर पूर्ण होतो. राखलेल्या रानात तीन वर्षं काही घडलेलं दिसत नाही, त्याचं उद्घाटन कशाचं करायचं? आणि राखायचं तर जंगलावरचा हक्क गावाला द्यावा लागतो, ते वनखात्याला सहज पचत नाही.

थोडी हालचाल मात्र आहे. केंद्राने २०२३ मध्ये हरित क्रेडिट योजना आणली, म्हणजे झाडं लावणाऱ्याच्या नावावर गुण (क्रेडिट) जमा करणारी. त्यात सुरुवातीला एका झाडामागे एक क्रेडिट असा हिशेब होता. टीका बरीच झाली, विशेषतः झुडपी रानं आणि माळ ‘निकृष्ट’ म्हणून दिले जातील या भीतीने. २०२५ च्या सुधारित पद्धतीत लागवडीला किमान पाच वर्षं झालेली असणं आणि झाडांच्या छत्राची किमान घनता या अटी आल्या. जागेचा प्रश्न त्यातूनही सुटलेला नाही, पण मोजायची वेळ तरी पुढे सरकली.

तुमच्या गावाजवळ रोपवन असेल तर बघायला मे महिन्यात जा, जुलैत सगळंच हिरवं असतं. फाटकाशी फलक असतो, त्यावर योजनेचं नाव, वर्ष, क्षेत्र, रोपांची संख्या आणि जाती लिहिलेल्या असतात. शंभर पावलांची एक रांग धरून चाला, जागच्या जागी जिवंत किती, मेलेली किती, ते मोजा. घेर मोजता येईल इतकी मोठी झाडं असतील तर टेप लावा. आधी त्या जागी काय होतं ते शेजारच्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला विचारा. मग माहितीच्या अधिकारात वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे त्या रोपवनाची नोंदवही मागा: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाची जिवंत रोपांची संख्या, जातवार, आणि देखभालीवर दर वर्षी झालेला खर्च. पाचव्या वर्षाचा रकाना कोरा आला, तर तो कोरा असल्याचंच लेखी उत्तर घ्या.